रिपोर्ट नॉर्मल आला, म्हणजे नेमके काय कळले?

वडगाव मावळ असो, कामशेत असो की तळेगाव, रक्त तपासणाऱ्या लॅबची पाटी आता मावळात कुठेही दिसते. 'फुल बॉडी चेकअप', साठ, सत्तर, ऐंशी चाचण्या एकाच किमतीत. सकाळी उपाशीपोटी रक्त द्यायचे, संध्याकाळी मोबाइलवर पानेच्या पाने भरलेला रिपोर्ट. प्रत्येक आकड्यापुढे त्याची मर्यादा छापलेली आणि मर्यादेबाहेर गेलेला आकडा ठळक. एकही ठळक आकडा नसला की घरातल्यांचा जीव भांड्यात पडतो. "सगळं नॉर्मल आहे, म्हणजे तसलं काही नाही." यातले 'तसलं काही' म्हणजे कॅन्सर. अजूनही अनेक घरांत त्याचे नाव तोंडावर घेत नाहीत.

या एका वाक्यात दोन विधाने आहेत. आकडे नॉर्मल आहेत, हे पहिले. म्हणून आजार नाही, हे दुसरे. पहिले खरे असले तरी त्यावरून दुसरे निघत नाही. आणि ते का निघत नाही, याचा विचार प्रयोगशाळा निघण्याच्या शेकडो वर्षे आधी भारतीय दार्शनिकांनी अतिशय बारकाईने करून ठेवला आहे. 'नाही' हे माणसाला कळते तरी कसे, असा त्यांचा प्रश्न होता.

न्यायशास्त्राचा पहिला पाठ डोंगरावरच्या धुरापासून सुरू होतो. सतराव्या शतकातल्या अन्नंभट्टाच्या 'तर्कसंग्रहा'त हेच उदाहरण आहे, आणि पुण्या-मुंबईच्या पाठशाळांतून पिढ्यान् पिढ्या ते घोकले गेले आहे. डोंगरावर धूर दिसतो, म्हणून तिथे आग आहे. हे अनुमान बरोबर. पण ते उलटे फिरवता येत नाही. धूर नाही म्हणून आगही नाही, असे म्हणू गेल्यास नैयायिक लगेच तापून लाल झालेला लोखंडी गोळा पुढे करतो. त्यात आग आहे, धूर मात्र नाही. दुसरी फसगत मावळातल्या माणसाला समजावून सांगायला नको. आषाढात लोहगड-विसापूरच्या अंगावरून जे पांढरे वर चढते ते धुके असते. त्याला धूर समजून आगीचे अनुमान करणारा चुकतो, हेही तर्कशास्त्राच्या ग्रंथांनी नोंदवले आहे.

कॅन्सर आणि रक्त यांचे नाते बहुतांशी त्या लोखंडी गोळ्यासारखे आहे. नेहमीच्या तपासणीत हिमोग्लोबिन, पांढऱ्या पेशी, प्लेटलेट, साखर, यकृत आणि मूत्रपिंडाचे आकडे मोजतात. रक्ताच्या कॅन्सरमध्ये पांढऱ्या पेशींचा हिशेब बिघडतो, त्यामुळे तो कधी कधी या साध्या तपासणीतच सापडतो. पन्नाशीच्या पुरुषाचे हिमोग्लोबिन कारण नसताना उतरले, तर आतड्यात कुठे रक्तस्राव होतो आहे का हे बघावे लागते, आणि त्या शोधात कधी आतड्याची गाठ हाती लागते. पण तोंड, स्तन, गर्भाशयाचे मुख, फुप्फुस इथली गाठ लहान असते तेव्हा हे सगळे आकडे बिनबोभाट मर्यादेत राहतात. एक सेंटिमीटरच्या गाठीत कोट्यवधी पेशी असतात, तरी त्यांनी सोडलेले जे काही असेल ते अंगातल्या सुमारे पाच लिटर रक्तात मिसळून जाते.

मग 'कॅन्सर मार्कर'चे काय? पॅकेजच्या महागड्या प्रकारात सीए-१२५, सीईए, पीएसए अशी नावे असतात. इथे गोष्ट धुक्याची आहे. सीए-१२५ अंडाशयाच्या कॅन्सरमध्ये वाढते, तसेच ते मासिक पाळीत, गरोदरपणात, एंडोमेट्रिओसिसमध्ये आणि पोटाच्या क्षयरोगातही वाढते. सीईए विडी-सिगारेट ओढणाऱ्यांत थोडे जास्तच असते. पीएसए प्रोस्टेटच्या साध्या वाढीने किंवा जंतुसंसर्गाने चढते. आजार झालेल्या माणसाचा उपचार कसा चालला आहे हे बघायला यातल्या अनेक चाचण्या उत्तम आहेत. धडधाकट माणसांतून आजारी कोण हे निवडायला मात्र त्या अपुऱ्या पडतात. ब्रिटनमध्ये सुमारे २ लाख स्त्रियांवर सीए-१२५ आणि सोनोग्राफीचा मोठा प्रयोग झाला. २०२१ मध्ये त्याचा अखेरचा निष्कर्ष आला: अंडाशयाच्या कॅन्सरने होणारे मृत्यू त्याने कमी झाले नाहीत.

खरा पेच मात्र याच्या पुढे आहे. आकडे नॉर्मल असूनही आजार असू शकतो, तर कोणत्याच तपासणीच्या 'नाही'वर विश्वास ठेवू नये का? मग तपासणी करायचीच कशाला?

सातव्या शतकातला मीमांसक कुमारिल भट्ट इथे उपयोगी पडतो. जमिनीवर घडा नाही हे आपल्याला कशाने कळते? न दिसण्याने, असे त्याचे उत्तर. या न दिसण्यालाच अनुपलब्धी म्हणतात. कुमारिलाने ते ज्ञानाचे स्वतंत्र साधन मानले. नैयायिकांनी मानले नाही, त्यावर दोन्ही बाजूंनी शतकानुशतके वाद झाला. पण एका अटीवर त्यांचे फारसे दुमत नाही: वस्तू असती तर ती दिसलीच असती, अशी परिस्थिती हवी. डोळे शाबूत, उजेड पुरेसा, मध्ये आडोसा नाही, तेव्हाच 'दिसत नाही' म्हणजे 'नाही'. काळोख्या खोलीत घडा दिसला नाही, यावरून काहीच सिद्ध होत नाही. याला वेदान्ताच्या ग्रंथांत योग्यानुपलब्धी म्हणतात. त्याच सुमाराचा बौद्ध तार्किक धर्मकीर्ती आणखी पुढे जातो. पिशाच स्वभावतःच दिसणारे नाही, म्हणून ते दिसले नाही यावरून ते नाही असे ठरत नाही. हाती उरतो तो फक्त संशय.

नेहमीच्या रक्ततपासणीला कॅन्सर हा बहुतेकदा धर्मकीर्तीच्या पिशाचासारखा असतो. ती तपासणी त्याला पाहू शकत नाही, त्यामुळे तिच्या गप्प राहण्याला अर्थ नाही. उलट काही तपासण्या अशा आहेत, की त्यांचे 'नाही' खरोखर मोलाचे ठरते. याचा जगातला एक भक्कम पुरावा महाराष्ट्रातलाच आहे.

१९९९ च्या अखेरीस तेव्हाच्या उस्मानाबाद, आताच्या धाराशिव जिल्ह्यात गर्भाशयमुखाच्या कॅन्सरसाठी एक प्रचंड प्रयोग सुरू झाला. बार्शीचे नर्गिस दत्त मेमोरियल कॅन्सर हॉस्पिटल, मुंबईचे टाटा मेमोरियल आणि कॅन्सर संशोधनाची आंतरराष्ट्रीय संस्था हे त्यामागे होते. ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ ग्रामीण स्त्रिया, ५२ गावसमूह, चार गट. एका गटाची एचपीव्ही विषाणूची चाचणी, दुसऱ्याची पॅप म्हणजे पेशींची चाचणी, तिसऱ्याची ॲसेटिक ॲसिड लावून नजरेने तपासणी, चौथ्या गटाला नेहमीची आरोग्यसेवा. पहिल्या तीन गटांत प्रत्येक बाईची तपासणी एकदाच. आठ वर्षांच्या पाठपुराव्यानंतर २००९ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. चौथ्या गटात या कॅन्सरने ६४ मृत्यू झाले होते, एचपीव्ही गटात ३४. दोन्ही गट साधारण सारख्याच आकाराचे, त्यामुळे मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आले असे म्हणता येते.

त्या अभ्यासातला दुसरा आकडा दार्शनिकांना अधिक आवडला असता. तपासणीत 'नाही' असे उत्तर मिळालेल्या स्त्रियांना पुढे कॅन्सर किती झाला? एचपीव्ही चाचणीत 'नाही' आलेल्यांमध्ये त्याचे प्रमाण इतर दोन तपासण्यांत 'नाही' आलेल्यांच्या सुमारे चौथा हिस्सा होते. तिन्ही रिपोर्टांवर शब्द तोच, पण त्यामागची पाहण्याची ताकद वेगळी. कुमारिलाची अट इथे आकड्यांत उतरली आहे.

पण म्हणून नजरेची तपासणी टाकाऊ ठरत नाही. मुंबईच्या वस्त्यांमध्ये टाटा मेमोरियलने दीड लाखाहून अधिक स्त्रियांचा असाच अभ्यास केला. तिथे दहावीपर्यंत शिकलेल्या, प्रशिक्षण घेतलेल्या आरोग्यसेविका तपासणी करत. पातळ केलेले ॲसेटिक ॲसिड कापसाच्या बोळ्याने गर्भाशयाच्या मुखाला लावायचे आणि एक मिनिट थांबायचे. निरोगी भाग गुलाबीच राहतो, बिघडू लागलेल्या पेशींचा भाग पांढरा पडतो. ना यंत्र, ना लॅब. पण इथे पाहणे एकदाच नव्हते; दर दोन वर्षांनी, चार फेऱ्या झाल्या. गर्भाशयमुखाच्या कॅन्सरचे मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले. नजर अधू असली तरी ती पुन्हा पुन्हा वळवली तर पुष्कळ दिसते. स्तनांच्या हाताने केलेल्या तपासणीचा मुंबईतला अभ्यास २० वर्षे चालला. सरसकट सर्व वयांत फायदा ठामपणे सिद्ध झाला नाही, पण पन्नाशीपुढच्या स्त्रियांत मृत्यू जवळपास ३० टक्क्यांनी कमी झाले.

या ज्ञानाची किंमत काहींनी मोजली आहे, हे सांगायला हवे. तपासणी न झालेल्या गटांतल्या स्त्रिया मरत होत्या, त्यांनाही तपासायला नको होते का, असा नैतिक आक्षेप घेतला गेला. देशात नेहमीची सेवा म्हणजे तपासणी नसणेच होते, हे संशोधकांचे उत्तर. ते वस्तुस्थितीला धरून आहे, पण मनाचे समाधान करणारे नाही. निदान त्या स्त्रियांमुळे जे कळले ते वापरले तरी जायला हवे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार देशातल्या ३० ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी १.९ टक्क्यांनीच कधी गर्भाशयमुखाची तपासणी करून घेतली होती.

लोक रक्त आनंदाने देतात आणि या तपासण्या टाळतात, याला लाज हे एक कारण आहे. सवड हे दुसरे. भातलावणी उरकू दे, मग बघू, असे म्हणता म्हणता वर्ष जाते. तिसरे कारण धार्मिक आहे. हा रोग म्हणजे मागच्या जन्मीचे पाप, तो असायचाच तर असणार, उकरून कशाला काढायचा? असे मानणाऱ्यांनी तीन नावे आठवावीत. रामकृष्ण परमहंस १८८६ मध्ये घशाच्या कॅन्सरने गेले. रमण महर्षींच्या दंडावर गाठ आली, शस्त्रक्रिया झाल्या, १९५० मध्ये त्यांचे निधन झाले. मुंबईत खेतवाडीला राहणारे, विडीचे दुकान चालवणारे आणि मराठीतून अद्वैत सांगणारे निसर्गदत्त महाराज १९८१ मध्ये घशाच्याच कॅन्सरने गेले. या तिघांच्या आजाराला पापाचे फळ म्हणायला कोणीही भाविक धजणार नाही. मग शेजारच्या बाईच्या आजाराला तसे का म्हणावे?

पाहण्याचा अतिरेकही घातक ठरतो, हेही खरे. दक्षिण कोरियात थायरॉइडची सोनोग्राफी सरसकट होऊ लागली आणि १९९३ ते २०११ या काळात तिथे थायरॉइडच्या कॅन्सरचे निदान सुमारे पंधरा पट वाढले. मृत्यू होते तितकेच राहिले. ज्या गाठींनी जन्मभर काही केले नसते, त्यांच्यासाठी हजारोंच्या ग्रंथी काढल्या गेल्या. म्हणून एका बाजूने 'असता तर दिसला असता का?' आणि दुसऱ्या बाजूने 'दिसलाच तर त्याचा उपयोग काय?' असे दोन्ही प्रश्न डॉक्टरांना विचारण्याचा हक्क प्रत्येकाला आहे, आणि पॅकेजचे पैसे भरण्याआधी ते विचारावेत.

तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख या तीन ठिकाणांची तपासणी ३० वर्षांपुढच्यांसाठी सरकारी कार्यक्रमात आहे आणि ती मोफत आहे. आशाताई घरी फॉर्म भरायला आल्या तर त्यांना दारातून परत पाठवू नका. गावच्या उपकेंद्रात किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात कोणत्या दिवशी यायचे ते विचारून घ्या. तंबाखू खाणाऱ्यांनी किंवा मिसरी लावणाऱ्यांनी चांगल्या उजेडात तोंड उघडून पांढरा किंवा लाल चट्टा दिसतो का ते पाहावे. तीन आठवड्यांत न भरणारी तोंडातली जखम, स्तनातली गाठ, पाळी कायमची गेल्यानंतरचा रक्तस्राव, शौचातून रक्त, यातले काहीही असेल तर डॉक्टरांकडे जा. कालच आलेल्या रक्ताच्या रिपोर्टात सगळे आकडे नॉर्मल असले, तरीही जा.