परिक्रमेचा हिशेब

लखनौच्या विकासनगरातून सीतापूरच्या वाटेने गेलेला यात्रिक नैमिषारण्यास पोहोचतो. तेथे फाल्गुनात 84 कोसांची परिक्रमा निघते. सीतापूर व हरदोई जिल्ह्यांतील खेड्यापाड्यांतून फिरून होळीच्या सुमारास ती जवळच्याच मिश्रिख येथे समाप्त होते. एवढे चालून मनुष्य पुन्हा त्याच परिसरात आला. मग मिळविले काय? ‘पुण्य’ असे उत्तर देणाराही खरे पाहता हिशेबच मांडीत असतो. त्या दिवसांत गहू ओंब्यांवर आलेला असतो आणि शेतांमधील बांध अरुंद. घाईने पिकात उतरणाऱ्याचे कोस पुरे भरतात. परंतु ज्याच्या वर्षाच्या अन्नावर पाय पडला, त्याचे देणे कोणी फेडावे? पुढे चालणाऱ्या वृद्धेमागे जो बांधावरच थांबून राहतो, त्याला मुक्कामास पोहोचेतो रात्र होते.