सणाच्या जेवणाचं देणं

लहानपणच्या सणावारांच्या जेवणाविषयी मराठीत जे लिहिलं जातं, त्यात चवीला बरीच जागा मिळते आणि शेवटी थोडे आभार येतात. हे आभार नेहमी उशिरा येतात. गौरींच्या दिवशी किंवा होळीला पानावर बसलेल्या सात-आठ वर्षांच्या मुलाला कृतज्ञता वगैरे काही वाटत नसतं. पोटात कावळे कोकलत असतात, नैवेद्य होईपर्यंत पानाला हात लावायचा नाही म्हणून ते कातावलेलं असतं, आणि त्याचा सगळा डोळा वाढणाऱ्याच्या हातातल्या पोळीवर असतो. चाळीस वर्षांनी तेच मूल मोठं होऊन त्या जेवणाच्या आठवणीने गहिवरतं. घेताना जे मनात नव्हतं, त्याला नंतर कृतज्ञता म्हणावं का? की ही नुसती गेलेल्या वयाची हळहळ, आणि आपण तिला भारदस्त नाव दिलं आहे? मला वाटतं, उशिरा आलेली कृतज्ञता खरी असू शकते. मात्र आठवण गोड आहे एवढ्याने ती खरी ठरत नाही. त्या आठवणीत स्वयंपाकघर कितपत दिसतं, यावर ते ठरतं.

आपल्या परंपरेने भावनेच्या या भानगडीत पडायचं टाळलं. तैत्तिरीय संहितेत माणूस, म्हणजे तिथल्या शब्दांत ब्राह्मण, जन्मतःच तीन ऋणं घेऊन येतो: ऋषींचं, देवांचं आणि पितरांचं. शतपथ ब्राह्मणाने त्यात माणसांचं चौथं ऋण घातलं आणि ते आतिथ्याने फेडायला सांगितलं. तुला काय वाटतं, हे यात कुणी विचारत नाही. पानाभोवती पाणी फिरवून चित्राहुती घालणं, गाईचा घास काढणं, देवापुढचं पान आधी वाढणं, हे सगळं याच हिशोबातलं. पोळ्याला तर पुरणपोळी आधी बैलाला मिळते. त्याला ना मागता येतं, ना आभार कळतात. तरी देणं ते देणं. नैवेद्यासाठी खोळंबलेल्या मुलाला यातलं तत्त्वज्ञान उमगत नाही, पण या अन्नावर पहिला हक्क आपला नाही एवढं त्याच्या अंगवळणी पडतं. अर्थ नंतर कळेल तेव्हा कळेल, त्याची जागा मात्र आधीच राखून ठेवलेली असते.

यावर कुणी म्हणेल, ऋण आणि कृतज्ञता यांची गल्लत होते आहे. सावकाराचं कर्ज फिटलं की संबंध संपतो. कृतज्ञता अशी संपत नाही. आक्षेप योग्य आहे, पण तो सावकाराच्या ऋणाला लागू पडतो. कांटने 1797 सालच्या आपल्या नीतिशास्त्रावरच्या ग्रंथात कृतज्ञतेला कर्तव्यच म्हटलं आहे, आणि ते पुरतं फिटत नाही याचं कारणही दिलं आहे: उपकार करणाऱ्याने आधी केलं, आणि हा आधीपणा कितीही परतफेड केली तरी पुसता येत नाही. आईबापांच्या, आजी-आत्यांच्या हातच्या जेवणाला हे तंतोतंत लागू पडतं. खाणारं मूल तेव्हा काही परत देऊ शकत नव्हतं, समजूही शकत नव्हतं. म्हणून उशिराची कृतज्ञता शिळी म्हणता येत नाही. समज आल्यावरच ती शक्य होती.

दुसरा आक्षेप आठवणीच्या खोटेपणाचा आहे. ती पोळी एवढी गोड नव्हतीच, रोज ज्वारीची भाकरी खाणाऱ्या घरात गव्हाची पोळी आणि पांढरा भात वर्षातून मोजक्या वेळा व्हायचा म्हणून ती गोड लागली, असं म्हणतात. असेलही. पण दुर्मीळपणा हा काही जिभेचा भ्रम नव्हता. 1972च्या दुष्काळात सुकडी आणि परदेशातून आलेली मिलो ज्वारी खाऊन दिवस काढलेल्या गावांत कुणी सणासाठी तूप-गूळ बाजूला ठेवला असेल, तर तो कुणाच्या तरी तोंडचा काढून ठेवलेला होता.

सगळ्यांत वजनदार आक्षेप मात्र वेगळा आहे, आणि तो मला अर्ध्याहून अधिक मान्य आहे. सणाच्या जेवणाची आठवण गोड असते ती पहिल्या पंगतीत बसलेल्यांची. पुरणाचंच बघा. हरभऱ्याची डाळ शिजवायची, वरचं पाणी कटाच्या आमटीसाठी काढून घ्यायचं, डाळीत गूळ घालून ती चुलीवर आटवायची. मधोमध रोवलेलं उलथनं न कलंडता उभं राहिलं की पुरण झालं. मग हात भाजत असताना ते वाटायचं, कारण गार झालेलं पुरण नीट वाटलं जात नाही. नंतर पोळ्या. पुरुषांची पंगत, मुलांची पंगत, आणि बायका बसेपर्यंत आमटीचा तळ आणि फुटलेल्या पोळ्या. ‘अन्नदाता सुखी भव’ हा आशीर्वाद यजमानाला मिळे. पोळ्याच्या दिवशी बैलाला औतातून सुटी, आणि चुलीला दुप्पट काम! पैठणच्या एकनाथांची कथा आपण मोठ्या अभिमानाने सांगतो: श्राद्धाच्या स्वयंपाकाचा वास वाटेवरच्या अस्पृश्यांना आला आणि नाथांनी ते अन्न त्यांना वाढलं. ब्राह्मणांसाठी मग स्वयंपाक पहिल्यापासून पुन्हा करावा लागला. तो कुणी केला, यावर कथेकरी फारसे थांबत नाहीत.

म्हणून कृतज्ञताच टाकून द्यावी का? अन्याय दिसला की आभार फसवे, असं मानणारे आहेत. बेबीताई कांबळे यांचं ‘जिणं आमुचं’ हे आत्मकथन वाचलं की हे पटत नाही. त्यात महारवाड्यातल्या आषाढाच्या सणाचा आनंद आहे आणि उरलेल्या वर्षाची उपासमारही आहे. एकाने दुसऱ्याला झाकलेलं नाही. पहिल्या पंगतीतल्या आठवणींना हे क्वचित जमतं. ज्याला चव आठवते पण चुलीपुढची बाई आठवत नाही, त्याच्याजवळ हळहळ आहे, आणि तिलाही माझी ना नाही; फक्त तिला आभार म्हणू नये.

राहता राहिले ते, ज्यांना आता काहीच देता येत नाही. पितृपक्षात अविधवा नवमी आहे, ती नवऱ्याच्या आधी गेलेल्या सवाष्णींची. जुन्या घरांतून सोवळ्यात सणाचा स्वयंपाक रांधणाऱ्या, पण सणाच्या हळदीकुंकवाला न चालणाऱ्या विधवा आत्या-मावशा तीत बसत नाहीत. ज्यांची तिथी ठाऊक नाही त्यांच्यासाठी सर्वपित्री अमावास्या आहे, आणि महालयाच्या तर्पणात गुरू, शिष्य, मित्रही येतात. म्हणजे रक्ताच्या पलीकडची माणसं घ्यायला शास्त्राची आडकाठी नाही. पण तर्पणाला नाव लागतं, आणि घरोघरी त्या बायका नुसत्या ‘आत्या’ किंवा ‘काकू’ म्हणूनच आठवल्या जातात. तेव्हा ज्याला सणाचं जेवण आठवून भरून येतं, त्याने घरातल्या सगळ्यांत म्हाताऱ्या माणसाला आधी एवढं विचारावं, की तेव्हा पोळ्या कोण लाटायचं आणि तिचं नाव काय होतं.