समुद्र दिसणारा प्लॉट

रुवैसहून अबू धाबी सुमारे 240 किलोमीटर. ई-11 हा रस्ता रुंद आणि सरळ. भारतातून आलेले पाहुणे तासाभरात विचारतात, "वाटेत बघण्यासारखं काय आहे?" तुम्ही आखातात राहत असाल तर तुमचंही उत्तर ठरलेलं असेल: काही नाही, वाळू. मी बरीच वर्षं हेच सांगत होतो.

याच अल धफ्रा भागात, बैनूनामध्ये म्लेसा नावाची जागा आहे. तिथल्या दगडात हत्तींच्या कळपाची पावलं उमटलेली आहेत, साठ-सत्तर लाख वर्षांपूर्वीची. किमान 13 हत्ती एकत्र चालत गेले, आणि त्यांच्या वाटेला छेदून एकटा नर गेला, त्याची वाट 260 मीटर लांब आहे. शास्त्रज्ञांनी हे सगळं मोजून मांडलं ते अलीकडे, पण आसपासच्या लोकांना ते खड्डे आधीपासून ठाऊक होते. आपल्याला वाळू दिसत होती, कारण आपण कुणाला विचारलंच नव्हतं.

हे सांगायचं कारण कोकण. रेवस ते रेडी सागरी महामार्गाची कामं सुरू झाल्यापासून आपल्या परदेशी मराठी मंडळींत एक हळहळ ऐकू येते. आरे-वारेचं ते वळण, फेरीबोटीतली ती दहा मिनिटं, आता सगळं जाणार. रस्त्याचा वारसा जपला पाहिजे, असं आपण म्हणतो. बरोबरच आहे. पण कुणासाठी, हा प्रश्न मला सतावतो.

वेसवी-बागमांडला फेरीबोट घ्या. वर्षातून एकदा गाडी बोटीत चढवून, कठड्याला टेकून बाणकोटची खाडी बघणं हे सुख आहे, नाकारत नाही. पण रात्री फेरी बंद झाल्यावर पलीकडच्या दवाखान्यात न्यायचं माणूस ज्या घरात असेल, त्या घराला आपलं सुख कसं समजावणार? त्याच खाडीला मिळणाऱ्या सावित्रीवर महाडजवळ ब्रिटिशकालीन दगडी पूल होता. देखणा होता. 2 ऑगस्ट 2016च्या रात्री तो पुरात वाहून गेला आणि दोन एसटी गाड्या नदीत गेल्या. पुढच्याच वर्षी नवा पूल उभा राहिला. तो जुन्यासारखा देखणा नाही अशी तक्रार करायची माझी तरी हिंमत नाही.

म्हणून स्थानिकांनी ठरवावं, आपण गप्प बसावं, असं म्हणून मोकळं व्हावंसं वाटतं. तेही मला पटत नाही. कारण पूल आणि रुंदी यांनी रस्ता तितका बिघडत नाही, जितका तो त्याच्या कडेच्या जमिनीने बिघडतो. अमेरिकेत 1991 पासून निसर्गरम्य रस्त्यांची राष्ट्रीय योजना आहे. त्या यादीत यायचं तर रस्त्याच्या पूर्ण पट्ट्याचा आराखडा आधी द्यावा लागतो: काय जपायचं, आजूबाजूचं बांधकाम कसं हाताळायचं, नवे जाहिरातफलक कसे रोखायचे, तिथल्या रहिवाशांना कसं सामील करून घ्यायचं. डांबराविषयी त्यात फार नाही. साधं शहाणपण आहे. पुलाने खाडी झाकत नाही. सलग उभ्या राहिलेल्या कंपाउंड भिंतींनी समुद्र झाकतो.

आणि त्या भिंती कोण बांधणार? गावातला माणूस सहसा नाही. त्याचं घर वाडीत, माडांच्या आड, वाऱ्यापासून आडोशाला. रस्त्याला लागून, उंचावर, थेट समुद्राकडे तोंड केलेला बंगला ज्याला हवा असतो तो मुंबई-पुण्यातला असतो. किंवा दुबईतला, न्यू जर्सीतला. विकणाऱ्याला दोष देणं सोपं आहे. पण मुलीच्या शिक्षणासाठी कातळाचा तुकडा विकणारा आणि निवृत्तीनंतर बाल्कनीतून सूर्यास्त हवा म्हणून तो घेणारा, या दोघांची गरज एका मापाने मोजता येते का? फेरीबोटीसाठी हळहळणारे आपणच, आणि व्हॉट्सअ‍ॅपवर आलेला 'सी व्ह्यू' प्लॉटचा नकाशा मोठा करून बघणारेही आपणच.

आपण म्हणजे मी. गेल्या गणपतीत गावी गेलो तेव्हा सागरी मार्गालगतच्या 6 गुंठ्यांसाठी टोकन देऊन आलो. जागा चढावर आहे. तिथे शेजारच्या वाडीतल्या एक आजी गुरं घेऊन आल्या होत्या. मी कौतुकाने म्हणालो, "आजी, इथून समुद्र काय सुंदर दिसतो!" त्या म्हणाल्या, "दिसतो रे. आम्ही इथूनच होड्या परतताना बघायचो. तू भिंत घालणारस काय?"

मी म्हणालो, अजून काही ठरलं नाही. व्यवहाराचे कागद आता तयार आहेत, एजंटचा दोनदा फोन येऊन गेला. नकाशात भिंत आहे, सात फुटी.