मारका बैल आणि आपले रस्ते

कोणी गाडीखाली सापडून मेला की आपण दोन वाक्ये बोलतो. "अपघात झाला," आणि "त्याची वेळ भरली होती." पहिल्या वाक्याने आपण माणसांस मोकळे करतो, दुसऱ्याने सारा भार देवावर टाकतो. ही वाक्ये खरी आहेत काय, याचा विचार आपण एकदा शांतपणे केला पाहिजे.

निर्गमच्या २१ व्या अध्यायात बैलाविषयी एक नियम आहे. बैलाने एकाएकी शिंग मारून कोणाचा जीव घेतला, तर बैलाला शिक्षा होई; धनी निर्दोष ठरे. परंतु बैल पूर्वीपासून मारका असेल, धन्याला तशी सूचनाही मिळाली असेल आणि तरी त्याने तो बांधून ठेवला नसेल, तर धनीही मृत्यूच्या शिक्षेस पात्र ठरे. बैल तोच, शिंगे तीच. फरक एवढाच, की धन्याला ठाऊक होते. आधी ठाऊक असलेल्या मृत्यूस अपघात म्हणण्याची सोय या नियमाने ठेवलेली नाही.

आपल्या रस्त्यांविषयी आपल्याला ठाऊक नाही असे काय आहे? २०२२ साली भारतात १,६८,४९१ माणसे रस्त्यांवर मृत्यू पावली, म्हणजे दररोज सुमारे ४६०. १९ जानेवारी २०२१ रोजी सुरत जिल्ह्यात कोसंब्याजवळ रस्त्याच्या कडेला झोपलेले १५ मजूर ट्रकखाली चिरडले गेले. ट्रक उसाच्या ट्रॅक्टरला धडकला आणि ताबा सुटला. चालकाचा दोष न्यायालयाने पाहावा. पण पोटासाठी परमुलखातून आलेली माणसे रात्री रस्त्याच्या कडेला अंग टाकतात, हे त्या रात्रीपूर्वी कोणाला ठाऊक नव्हते? त्या बैलाचा धनी एकटा चालकच होता काय?

खानदेशातून सुरतेस गेलेली कितीतरी कुटुंबे आपल्या परिचयाची आहेत. १९९४ च्या सप्टेंबरात तेथे प्लेग आला तेव्हा लाखो लोक शहर सोडून पळाले. दगावलेल्यांची संख्या शंभराच्या आतच होती. पण त्या धक्क्याने शहर हलले. पुढल्या वर्षी आयुक्त एस. आर. राव आले, कचरा उचलला जाऊ लागला, आणि थोड्याच काळात देशातील स्वच्छ शहरांत सुरतेची गणना होऊ लागली. प्लेगला 'नशीब' म्हणून सुरत स्वस्थ बसली नाही. मात्र त्या प्लेगहून अधिक माणसे शहराच्या रस्त्यांवर दर वर्षी मरतात, आणि कोणी शहर सोडून पळत नाही. एकेक करून आलेल्या मरणाची आपल्याला सवय झाली आहे.

अलीकडे तेथे हालचाल दिसते. २०२४ मध्ये सिग्नल पाळण्याचा आग्रह धरला गेला. २०२५ च्या फेब्रुवारीत पोलिसांनी हेल्मेटची सक्ती कडक केली. हे चांगलेच आहे. पण हेल्मेट घालणे हे बैलापुढून जाणाऱ्याचे काम झाले. बैल बांधण्याचे काम निराळे.

कोणी म्हणेल, माणूस चुकणारच. मृत्यू शून्यावर कसे येतील? माणूस चुकतो हे आपल्याला कोणी नव्याने सांगावयास नको. स्वीडनच्या संसदेने १९९७ साली नेमके तेच धरून धोरण ठरविले: माणूस चुकेल, म्हणून रस्ता असा बांधावा की चुकीची किंमत प्राणांनी मोजावी लागू नये. ताशी ३० किलोमीटर वेगाच्या मोटारीची धडक बसलेला पादचारी बहुधा वाचतो. वेग वाढतो तसा मरणाचा धोका झपाट्याने वाढतो. फिनलंडच्या हेलसिंकी शहराने निम्म्याहून अधिक रस्त्यांवर हीच मर्यादा घातली. २०२५ च्या जुलैपर्यंतच्या बारा महिन्यांत तेथे रस्त्यावर एकही मृत्यू झाला नाही. सुरत कितीतरी मोठी आणि गजबजलेली आहे. पण वेग, पदपथ, दिवे आणि रात्रीचा निवारा ही माणसाच्या हातची कामे आहेत.

अनुवादाच्या २२ व्या अध्यायात नवे घर बांधणाऱ्याला गच्चीला कठडा करण्याची आज्ञा आहे, नाही तर पडणाऱ्याचे रक्त घरावर येईल. पडणारा सावध होता की निष्काळजी, हे तेथे विचारलेले नाही.

म्हणून शब्बाथशाळेच्या शिक्षकांस आमची विनंती आहे, की हे दोन नियम मुलांस शिकवावेत आणि वर्ग सुटल्यावर मुले रस्ता कोठे ओलांडतात तेही पाहावे. तेथे गाड्या भरधाव येत असतील तर मंडळीने पंचायतीकडे किंवा नगरपालिकेकडे लेखी अर्ज करावा, उत्तर येईपर्यंत करीत राहावे. मंडळीतील तरुणांनीही आपल्या मोटारसायकलचा वेग पाहावा. तोही एक बैलच आहे, आणि त्याचा धनी कोण हे विचारावे लागत नाही. एवढे करूनही कोणी मेला तर आपण शोक करू. पण काहीही न करता "देवाची इच्छा" म्हणण्याचा अधिकार आपल्याला नाही.