छेदलेला जीव

इ. स. १७४० च्या उन्हाळ्यात हॉलंडमधील हेग शहराजवळच्या सॉर्गव्ह्लीट नामक वाडीवर, काउंट बेंटिंक यांच्या दोन लहान मुलांच्या शिक्षणासाठी नेमलेला अब्राहम ट्रेंब्ले हा तिशीचा जिनीव्हाकर तरुण तेथील पाणवनस्पती काचेच्या बरण्यांत घालून खिडकीशी ठेवी आणि मुलांना जवळ घेऊन त्यांचे निरीक्षण करीत बसे. त्या वनस्पतींना चिकटलेला, लांबीने जेमतेम नखाएवढा, हिरव्या धाग्यासारखा एक पदार्थ त्याच्या दृष्टीस पडला. त्याच्या एका टोकाला केसासारखे बारीक बाहू फुटलेले होते, बरणी हलली की तो आखडून ठिपक्याएवढा होई, आणि बरणी फिरवून ठेवली तरी काही काळाने त्यांतले बहुतेक सारे पुन्हा उजेडाच्या बाजूला जाऊन बसलेले आढळत. यास प्राणी म्हणावे की वनस्पती, या संशयाचा निवाडा करण्यासाठी त्याने २५ नोव्हेंबर रोजी एकाचे आडवे दोन तुकडे केले. हिशेब अगदी सरळ होता: झाडाची फांदी छाटून लावली तर ती जगते, प्राणी कापला तर मरतो. दोन्ही तुकडे जगले. आठ-दहा दिवसांत शेपटाकडच्या तुकड्यालाही नवे बाहू फुटले आणि जेथे एक होता तेथे दोन नांदू लागले; पण हेच ‘रोप’ पाण्यातले किडे बाहूंनी पकडून गिळताना दिसल्यावर ते प्राणीच होय याविषयी शंकेस जागा उरली नाही.

या जीवालाच आज आपण हायड्रा म्हणतो. तो आपल्याकडील तळ्याडबक्यांतही आढळतो, पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत त्याच्यावर वर्षानुवर्षे अभ्यास झालेला आहे, आणि प्राणिशास्त्र घेतलेल्या कोणत्याही विद्यार्थ्याने त्याची आकृती वहीत काढलेली असते. परंतु ज्या प्रश्नाने तो प्रथम जगापुढे आला तो प्रश्न वहीत उतरत नाही. ट्रेंब्लेने पॅरिसच्या रेओम्यूर या विख्यात निसर्गशास्त्रज्ञाकडे हे जीव पाठविले; रेओम्यूरने स्वतः प्रयोग करून खातरजमा केली आणि १७४१ साली तेथील विज्ञान अकादमीपुढे हा दाखला रुजू केला, तेव्हा सुशिक्षित युरोपात जी खळबळ उडाली तिचे मूळ प्राणिशास्त्रात नसून धर्मविचारात होते. पशूला आत्मा नाही, तो एक यंत्र आहे, असे देकार्तचे अनुयायी सांगत. पशूलाही कनिष्ठ प्रतीचा का होईना पण अविभाज्य आत्मा आहे, असे त्यांचे प्रतिपक्षी सांगत. आता ज्याचा आत्मा अविभाज्य तो प्राणी कात्रीने दुभंगला आणि दोन्ही भाग भुकेने हात पसरू लागले, तेव्हा आत्मा कोणत्या तुकड्यात राहिला? ला मेत्री या फ्रेंच वैद्याने तर १७४७ च्या सुमारास, मनुष्य हेही एक यंत्रच आहे या आपल्या सिद्धांताच्या पुष्ट्यर्थ याच जीवाची साक्ष काढली.

आपल्या दर्शनकारांपुढे हायड्रा नव्हता, पण प्रश्न होता. जीव केवढा, हा वाद येथे शतकानुशतके चालला. न्याय-वैशेषिकांनी आत्म्यास विभु, म्हणजे सर्वव्यापी मानले; रामानुज व मध्व यांनी अणु मानले; जैनांनी देहपरिमाण मानले, म्हणजे दिव्याचा प्रकाश जसा घागरीत घागरीएवढा आणि दालनात दालनाएवढा होतो तसा जीव मुंगीत मुंगीएवढा आणि हत्तीत हत्तीएवढा होतो. यावर शंकराचार्यांनी ब्रह्मसूत्रभाष्यात आक्षेप घेतला की मनुष्याएवढा जीव हत्तीच्या जन्मास गेला तर तो त्या देहास पुरणार नाही आणि मुंगीच्या जन्मास गेला तर तीत मावणार नाही. परंतु माझ्या दृष्टीने याहून मर्मभेदी आक्षेप दुसराच आहे, आणि तो जैन पंडितांनी स्वतःच उपस्थित करून त्याचे उत्तर देण्याचा प्रामाणिक यत्न केला आहे: जीव जर देहभर पसरलेला असेल तर देह छेदल्यावर जीवही छेदला जाणार नाही काय? तेराव्या शतकातील मल्लिषेण याने ‘स्याद्वादमंजरी’ या टीकाग्रंथात याचे दिलेले उत्तर मला फार विलक्षण वाटते. तुटलेला अवयव काही काळ थरथरतो, त्या अर्थी जीवाचे काही प्रदेश त्यात असतातच. पण ते मूळ जीवापासून तुटलेले नसतात, कमळाचा देठ मोडल्यावरही त्यातील तंतू जसे दोन्ही भागांना जोडून राहतात तसे ते जोडलेले असतात, आणि मग ते मूळ देहात परत येऊन मिळतात.

भिंतीवरची पाल शेपटी टाकून पळते आणि ती शेपटी फरशीवर वळवळत राहते, हे ज्याने पाहिले आहे त्यास या उत्तराची सूक्ष्मता पटेल. ते निरीक्षणातून आलेले आहे, केवळ तर्कातून नव्हे. तथापि शेपटीची वळवळ काही मिनिटांनी थांबते, म्हणूनच ते उत्तर टिकते. ट्रेंब्लेच्या बरणीतला तुकडा थांबला नाही. तो खाऊ लागला, वाढला, त्याच्या अंगावर कळीसारखी पिले फुटली, आणि त्याचे जीवप्रदेश मूळ देहाकडे परतले असे म्हणण्यास तिळमात्र आधार राहिला नाही. येथे कमळतंतू तुटला असे तरी मानावे लागते, किंवा त्या क्षणी दुसरा एक जीव येऊन रिकाम्या घरात राहावयास आला असे तरी मानावे लागते, आणि या दुसऱ्या पक्षास जैन शास्त्रात जागाही आहे, कारण अनंत जीव एकाच शरीराचे भागीदार असतात ही निगोदाची कल्पना त्यांनीच मांडलेली आहे. अद्वैत वेदान्ती म्हणेल की घट फुटून दोन घट झाले, आकाश कधी फुटलेच नव्हते. हे उत्तर निर्दोष आहे. परंतु त्यासाठी द्यावी लागणारी किंमत अशी की या घटातील आकाश ‘माझे’ म्हणण्याचा हक्क मग कोणालाच उरत नाही.

मी या कज्ज्यात कोणत्याही दर्शनाचा वकील म्हणून उभा नाही. मला एवढेच दिसते की जीव एक आहे, अखंड आहे, ही प्रतीती आपण आपल्या देहाच्या रचनेवरून घेतली आणि नंतर तीच आत्म्याच्या अखंडत्वाचा पुरावा म्हणून पुढे केली. सृष्टी हा पुरावा मान्य करीत नाही. पावसाळ्यात जुहू-गिरगावच्या वाळूवर निळ्या फुग्यांसारखे जे दंश करणारे जीव लाटांबरोबर येऊन पडतात, त्यांतील प्रत्येक फुगा हा एक प्राणी नसून वसाहत आहे: तरंगणारा वेगळा, पचविणारा वेगळा, दंश करणारा वेगळा, प्रजननाचे काम पाहणारा वेगळा, आणि हे सारे एकाच अंड्यातून निघालेले, पण एकमेकांवाचून जगण्यास असमर्थ. अष्टपाद ऑक्टोपसच्या सुमारे पन्नास कोटी मज्जापेशींपैकी जवळजवळ दोन-तृतीयांश त्याच्या बाहूंत असतात, आणि छाटलेला बाहूही काही काळ स्पर्शाला प्रतिसाद देतो. हे सारे क्षुद्र जीवांपुरते आहे असे समजून निश्चिंत होण्याचीही सोय नाही. मेंदूचे दोन अर्धगोल जोडणारा तंतूंचा सेतू अपस्माराच्या उपचारासाठी कापलेल्या रुग्णांचा रॉजर स्पेरी यांनी अभ्यास केला, तेव्हा एका अर्धगोलास जे दाखविले ते दुसऱ्यास ठाऊक नाही, डावा हात जे ओळखतो ते वाचेला सांगता येत नाही, असे प्रकार नोंदले गेले. त्या कार्यासाठी त्यांना १९८१ चे नोबेल पारितोषिक मिळाले. ज्या ‘मी’ला आपण एक म्हणतो त्याचा सेतू इतका कोता आहे.

यावरून आत्मा नाही असा निष्कर्ष काढणाऱ्या ला मेत्रीशीही मी सहमत नाही. अखंडत्वाचा पुरावा कोसळला म्हणून ज्याचा तो पुरावा होता ती वस्तूच कोसळली, हा न्याय कोणत्याही कचेरीत चालणार नाही. कोसळते ते जीवांची शिरगणती करता येते हे गृहीत. आणि हे गृहीत गेल्याने धर्माची हानी होते असेही मला वाटत नाही, उलट त्याचे एक अंग अधिक स्वच्छ दिसू लागते. ट्रेंब्लेच्या कात्रीने एक मारला की दोन जन्मास घातले? हिंसा जर मेलेल्या जीवांच्या संख्येने मोजावयाची असेल तर या प्रश्नास उत्तर नाही, किंबहुना त्या कात्रीला जननीच म्हणावे लागेल. परंतु जैन सूत्रकार उमास्वातींनी हिंसेचे लक्षण करताना प्रमाद, म्हणजे कर्त्याची बेफिकिरी आणि विकारवशता, अग्रभागी ठेवली. किती जीव गेले हा त्यांचा पहिला प्रश्न नव्हता, कोणत्या मनाने हात चालला हा होता. हायड्रापुढे उभा राहू शकेल असा अहिंसाविचार मला हाच दिसतो.

ट्रेंब्लेचा हात कोणत्या मनाने चालला याचा दस्तऐवज उपलब्ध आहे. १७४४ साली लायडेन येथे प्रसिद्ध झालेल्या त्याच्या ग्रंथात त्याने या जीवांना काय खावयास दिले, पाणी केव्हा बदलले, कोणत्या दिवशी कोणता बाहू फुटला, हे अपार धीराने नोंदविले आहे. त्याने त्यांना मोज्यासारखे आतून बाहेर उलटवून पाहिले, एकास सात मुखे आणली, आणि लंडनच्या रॉयल सोसायटीने १७४३ साली त्यास कॉप्ले पदक दिले. सारे युरोप आत्म्याविषयी त्याचे मत विचारीत असता त्या ग्रंथात त्याने त्याविषयी मौन पाळले. पुढे तो जिनीव्हास परतला, मुलांचे शिक्षण आणि धर्म यांवर त्याने पुस्तके लिहिली, आणि १७८४ साली तो वारला तेव्हा तो श्रद्धावान ख्रिस्ती होता.