मात्रा कुणाच्या मापाची?

न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१६ साली एका प्रयोगाचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. प्रयोगात नेहमी गांजा ओढणारी ४२ माणसं होती, निम्म्या बायका आणि निम्मे पुरुष. त्यांना कधी खरा गांजा दिला, कधी नशेचं द्रव्य काढून टाकलेला. मग हात बर्फगार पाण्यात बुडवायला सांगून कळ किती सोसवते ते पाहिलं. गांजानं पुरुषांची कळ बरीच बोथट केली. बायकांच्या वेदनेत फारसा फरक पडला नाही. नशा मात्र दोघांनाही सारखीच चढली होती.

यावरून ‘बायकांना गांजा लागू पडत नाही’ असं कुणी ठोकून देईल, तर दोनच वर्षं आधीचं एक संशोधन त्याला अडवतं. वॉशिंग्टन स्टेट विद्यापीठात रिबेका क्राफ्ट यांना उंदरांमध्ये उलटं चित्र दिसलं होतं. तिथं वेदनाशमन मादीतच अधिक होत होतं, म्हणून तिची मात्रा तीस टक्क्यांनी कमी ठेवली. तरीही थोड्याच दिवसांत तिच्या शरीराला सवय झाली आणि औषधाचा गुण नरापेक्षा लवकर ओसरला. माणसांतही पहिल्या झुरक्यापासून व्यसनापर्यंतचं अंतर बायका अनेकदा पुरुषांपेक्षा कमी काळात कापतात.

म्हणजे कोण नाजूक, कोण कणखर, हा इथं प्रश्नच नाही. फरक आहे, तो गुंतागुंतीचा आहे आणि मोजल्याशिवाय कळत नाही. गांजातलं नशेचं द्रव्य, टीएचसी, इस्रायलमध्ये १९६४ सालीच वेगळं काढलं गेलं. मग हा फरक मोजायला इतका उशीर का? मेंदूविज्ञानात २००९ साली प्रसिद्ध झालेल्या प्राणीप्रयोगांची पाहणी झाली, तेव्हा केवळ नरांवरचे अभ्यास केवळ मादींवरच्या अभ्यासांच्या साडेपाच पट निघाले. कारण सांगितलं जाई ते असं, की मादीचं संप्रेरकांचं चक्र निष्कर्षांत घोळ घालतं.

हे कारण जरा तपासून पाहावं. चक्रामुळे फरक पडत असेल, तर नरावरचा निष्कर्ष मादीला लावता येत नाही. पडत नसेल, तर तिला वगळायचं कारण उरत नाही. आपण मात्र तिला वगळलंही आणि निष्कर्ष तिला लावलाही.

त्याची किंमत औषधांत मोजावी लागली. झोल्पिडेम ही झोपेची गोळी अमेरिकेत १९९२ साली मंजूर झाल्यापासून स्त्री-पुरुषांना एकाच मात्रेत दिली जात होती. बायकांच्या शरीरातून ती सावकाश बाहेर पडते. सकाळी गाडी चालवताना धोका व्हावा इतकं औषध त्यांच्या रक्तात उरू शकतं. २०१३ साली तिथल्या औषध प्रशासनानं बायकांसाठीची मात्रा दहा मिलिग्रॅमवरून पाचवर आणायला लावली.

गांजाशी आपला संबंध नसेल, नसावाही. गोळ्यांशी मात्र रोजचा असतो. ‘यांना बरी लागू पडली, तूही घे’ म्हणत घराघरांत पाकिटं फिरतात. आज एवढं करा: दुसऱ्याच्या नावाची गोळी घेऊ नका. आणि आपल्या नावाची घेताना डॉक्टरांना सरळ विचारा, हिची मात्रा माझ्या शरीराला किती लागते?