पाणी : दान की देणे?



सरदार सरोवरामुळे आपल्या अक्कलकुवा व अक्राणी तालुक्यांतील नर्मदाकाठची मणिबेलीसह ३३ गावे बाधित झाली. अशा विस्थापितांना पाणी पुरवणे हे दान की देणे? आम्ही म्हणतो, देणे. ज्यांची नदी इतरांच्या सोयीसाठी गेली, त्यांनी हात का पसरावे?

मदतकार्याचे ‘स्फिअर’ मानदंड माणशी रोज किमान १५ लिटर पाणी आणि २० जणांमागे एक शौचालय सांगतात. पण एकाने हातपंप दिला, दुसऱ्याने शौचालय बांधले आणि दोघे एकमेकांशी बोललेच नाहीत, तर शोषखड्डा हातपंपालगत येतो. दाते समाधानी होतात. लेकरांना जुलाब लागतात.

दाता आपल्या वाट्यापुरते पाहतो. देणे लागणाऱ्याला मात्र ते पूर्ण फिटेपर्यंत सुटका नाही. म्हणून मदत करणाऱ्यांनी एकत्र बसणे आणि आधी पाणी भरणाऱ्या बायांना विचारणे, हा न्यायाचाच भाग आहे.